क्वीनची सतरा, ईगल्सची दहा: ‘ग्रेटेस्ट हिट्स’नं कुणाला तारलं, कुणाला मागे ठेवलं

ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण बीटल्सचं नाव घेतील. पण तो मान आहे क्वीन या बँडच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’कडे. नोव्हेंबर १९८१ मध्ये बाजारात आलेल्या या संग्रहानं जुलै २०२२ मध्ये एकट्या ब्रिटनमध्ये ७० लाखांचा टप्पा ओलांडला. तिथं इतकी मजल मारणारा हा पहिलाच अल्बम.

अमेरिकेतही तीच गोष्ट. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं, म्हणजे आरआयएएनं, ईगल्स बँडच्या ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१-१९७५’ला ३८ वेळा प्लॅटिनम ठरवलं आणि मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ मागे पडला. त्या वेळी ‘थ्रिलर’ ३३ वर होता.

गंमत अशी की, हे दोन्ही अल्बम म्हणून कुणी बसून रचलेले नाहीत. आधीच निघालेली, लोकांनी आधीच विकत घेतलेली गाणी उचलून एका तबकडीवर ठेवली, एवढंच. पण पन्नास वर्षांनंतर आज ‘क्वीन म्हणजे काय’ आणि ‘ईगल्स म्हणजे काय’ हे जगातल्या बहुसंख्य श्रोत्यांसाठी ठरतं ते याच दोन संग्रहांवरून. गाणी कुणी निवडली, कोणत्या हिशेबानं निवडली आणि त्यात कोण बाहेर राहिलं, हे म्हणूनच बघण्यासारखं आहे.

आधी पैशाचं गणित

रेकॉर्ड कंपनी बँडला अल्बम करायला आगाऊ रक्कम देते. स्टुडिओचं भाडं, तंत्रज्ञ, महिनोन्‌महिने चालणारं रेकॉर्डिंग, सगळा खर्च त्यातून होतो आणि पुढे बँडच्या रॉयल्टीतून तो वळता केला जातो. नवा अल्बम पडला तर कंपनीची रक्कम अडकते. ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये हा धोकाच नसतो. गाणी तयार आहेत, मूळ टेप कंपनीच्या मालकीच्या आहेत, रेडिओनं त्यांची जाहिरात वर्षानुवर्षं केलेली आहे. खर्च काय, तर नवं कव्हर आणि छपाई. गोदामातला माल नव्या खोक्यात घालून पुन्हा पूर्ण भावात विकायचा, असा हा धंदा आहे.

म्हणून असे संग्रह कधी निघतात, ते बघा. बँडला नवा अल्बम द्यायला उशीर होत असेल तेव्हा. करार संपत आला असेल किंवा बँड दुसऱ्या कंपनीकडे निघून गेला असेल तेव्हा. बँड फुटला असेल तेव्हा. नाहीतर नाताळाच्या तोंडावर. दिवाळीआधी आपल्याकडचा दुकानदार माल भरून ठेवतो, तसं. क्वीनचा संग्रह नोव्हेंबरात आला, हा योगायोग नव्हे.

दुसरी अडचण तबकडीची. त्या काळच्या एलपीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं नीट मावायची. त्याहून जास्त भरलं तर खाचा दाटीवाटीनं कोराव्या लागत आणि आवाज बारीक होई. म्हणजे जागा मोजकी, आणि ती कुणाला द्यायची हे ठरवणार बहुतेक वेळा कंपनी. त्यांच्या हातात सोपं माप होतं: सिंगल म्हणून निघालेलं आणि चार्टवर चढलेलं गाणं आत, बाकी बाहेर.

रॉजर टेलरच्या वाट्याला शून्य

क्वीनची ओळख आपल्याकडे निराळी करून द्यायला नको. फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा, झांझिबारच्या पारशी घरातला, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. शाळेतल्या ‘हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा, ही गोष्ट सातारा-महाबळेश्वरकडे जाणाऱ्या कुणालाही ऐकायला मिळते.

१९७३ ते १९८० या काळात क्वीनचे नऊ अल्बम आले. ब्रिटनमधल्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये त्यातली १७ गाणी घेतली. एवढी गाणी एकाच एलपीवर बसवली हेच नवल. आता ती कुणी लिहिलेली आहेत, ते मोजून बघू. फ्रेडीची १०, गिटारवादक ब्रायन मेची ५, बास वाजवणाऱ्या जॉन डीकनची २. ड्रमर रॉजर टेलरचं एकही नाही.

टेलर गाणी लिहीत नव्हता असं मुळीच नाही. त्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर त्याचं किमान एक तरी गाणं असायचं. पण ब्रिटनमध्ये त्यातलं एकही तोवर सिंगलच्या मुख्य बाजूला आलेलं नव्हतं. माप सिंगलचं होतं, त्यामुळे तो आपोआप बाहेर. सर्वात जास्त खपलेल्या अल्बमवर ड्रम त्याचे, आवाज त्याचा, पण गीतकार म्हणून नाव कुठेच नाही.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. वाजवणाऱ्याची रॉयल्टी वेगळी आणि लिहिणाऱ्याची वेगळी. प्रत्येक प्रत खपली की त्यावरच्या गाण्यांच्या लेखकांना ठरलेला हिस्सा मिळतो. तबकडीवर तुमचं गाणं असेल तर मिळतो, नसेल तर नाही. गाणं किती गाजलं याला त्यात किंमत नसते. तबकडीवर जागा मिळाली की झालं. १९७५ मध्ये ‘बोहेमियन रॅप्सडी’चं सिंगल आलं तेव्हा मागच्या बाजूला टेलरचं ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’ होतं. लोकांनी सिंगल घेतलं ते पुढच्या बाजूसाठी, पण लेखक म्हणून मागच्या बाजूलाही तेवढीच रक्कम मिळाली. यावरून बँडमध्ये चांगलीच कुरबुर झाली. २०१८ च्या चित्रपटातही त्या गाण्यावरून झालेलं भांडण आहे. पुढे १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून चौघांनी ठरवलं की गाणं कुणीही लिहो, नाव सगळ्यांचं लागेल. तेव्हा कुठे हा वाद मिटला.

टेलरची भरपाई १९९१ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स २’मध्ये झाली. त्याचं ‘रेडिओ गा गा’ आणि ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ त्यात आहेत. हा दुसरा संग्रह ऑक्टोबरअखेर आला आणि २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. आजारपणाच्या अफवा चालू असतानाच लोकांच्या हातात पडलेला हा संग्रह मग आपोआपच निरोपाचा ठरला.

पहिल्या संग्रहाकडे परत येऊ. त्यात क्वीनच्या पहिल्या अल्बममधलं एकही गाणं नाही. दुसऱ्या, ‘क्वीन टू’ मधलं फक्त एक, ‘सेव्हन सीज ऑफ राय’. जड, गुंतागुंतीचा, गोष्टी सांगणारा, एका बाजूला ‘पांढरी’ आणि दुसरीला ‘काळी’ असं नाव देणारा जो क्वीन १९७४ मध्ये होता, तो या संग्रहात जवळजवळ दिसतच नाही. गाण्यांचा क्रमही काळानुसार नाही. सुरुवात १९७५ च्या गाण्यानं, लगेच १९८० चं, मग १९७४ चं. सत्तरच्या दशकात हा बँड आपल्या कव्हरवर ‘सिंथेसायझर वापरलेला नाही’ असं अभिमानानं छापायचा. १९८० मध्ये त्यानं तो वापरला आणि चाहत्यांत चर्चा झाली. संग्रह ऐकणाऱ्याला हे वळण कळतच नाही. त्याला एकच बँड ऐकू येतो, जो कायम तयार होता, कायम गाजत होता आणि कधीच चाचपडला नाही.

देशागणिक यादीही वेगळी होती, आणि इथं गोष्ट आणखी रंगते. अमेरिकेतल्या १९८१ च्या आवृत्तीत १४ गाणी होती. त्यात ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ नव्हतं. १९७९ मध्ये ते गाणं ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकावर गेलं, पण अमेरिकेत पडलं, म्हणून तिथल्या यादीतून गळलं. आज तेच गाणं लग्नापासून जाहिरातीपर्यंत सगळीकडे वाजतं. म्हणजे एकाच बँडचा वारसा अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर दोन प्रकारे सांभाळला गेला. १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटात मोटारीतली पोरं ‘बोहेमियन रॅप्सडी’वर माना हलवताना दिसली आणि ते गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, मूळ निघालं तेव्हा ते नवव्यावर थांबलं होतं. तिथल्या कंपनीनं लगोलग ‘क्लासिक क्वीन’ नावाचा संग्रह काढला. फ्रेडीच्या पश्चात अमेरिकेनं क्वीनला नव्यानं ओळखलं, तेही संग्रहातूनच.

ईगल्सच्या संग्रहात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नाही

ईगल्स म्हटलं की आपल्याकडे एकच गाणं आठवतं. गोव्यातल्या शॅकपासून इंदूरच्या कॉलेज गॅदरिंगपर्यंत गिटार हातात आलेला प्रत्येक जण कधी ना कधी ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाजवतोच. पण अमेरिकेत विक्रम करणाऱ्या त्या संग्रहात हे गाणं नाही. असणार तरी कसं? संग्रह आला फेब्रुवारी १९७६ मध्ये आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ अल्बम आला त्याच वर्षीच्या डिसेंबरात.

झालं होतं असं. चार अल्बम झाले होते, पाचव्यावर काम सुरू होतं आणि त्याला वेळ लागत होता. कंपनीनं मधल्या काळात दहा गाण्यांचा संग्रह काढला. बँडला ही कल्पना फारशी रुचलेली नव्हती. नेमका त्याच वेळी आरआयएएनं दहा लाख प्रतींसाठी ‘प्लॅटिनम’ हा नवा किताब सुरू केला होता. तो मिळवणारा पहिला अल्बम म्हणजे हाच.

या दहा गाण्यांतला ईगल्स हा कंट्री संगीताकडे झुकलेला बँड आहे. त्यात बँजो आहे, मोकळ्या रस्त्यांचा सूर आहे. तो सूर ज्याच्यामुळे होता, तो बर्नी लेडन १९७५ च्या शेवटी बँड सोडून गेला. त्याच्या जागी जो वॉल्श आला, आवाज जड झाला, आणि मग ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ घडलं. म्हणजे तो संग्रह एका अर्थानं बँडच्या पूर्वायुष्याची फाइल बंद करणारा ठरला. २०१८ मध्ये ‘हॉटेल कॅलिफोर्निया’लाही २६ वेळा प्लॅटिनम मिळालं. एका कपाटात दोन तबकड्या शेजारी शेजारी, आणि त्यांत जवळजवळ दोन वेगळे बँड.

‘डेस्पेराडो’ची कथाही सांगायला हवी. १९७३ चा तो अल्बम म्हणजे पश्चिम अमेरिकेतल्या जुन्या दरोडेखोरांच्या टोळीवरची सलग गोष्ट होती. ती फारशी चालली नाही. संग्रहात त्यातली दोन गाणी घेतली, ‘डेस्पेराडो’ आणि ‘टकीला सनराइज’. गोष्ट सुटली, गाणी उरली. ‘डेस्पेराडो’ तर ईगल्सनं कधी सिंगल म्हणून काढलंच नव्हतं. लिंडा रॉनस्टॅटनं गायल्यामुळे ते लोकांच्या कानावर होतं, आणि या संग्रहामुळे ते कायमचं ईगल्सचं झालं. म्हणजे संग्रह दरवेळी नुकसानच करतो असं नाही. एखादं मागे पडलेलं गाणं तो उचलूनही धरतो.

विक्रमाचा आकडा वाचताना मात्र थोडं थांबावं. २००६ मध्ये हा अल्बम २९ वेळा प्लॅटिनम होता, २०१८ मध्ये एकदम ३८. मधल्या बारा वर्षांत ९० लाख तबकड्या कुणी दुकानातून घरी नेल्या, असा त्याचा अर्थ नाही. २०१६ पासून आरआयएए ऑनलाइन ऐकणंही अल्बमच्या विक्रीत धरते: १,५०० वेळा ऐकलं, किंवा दहा गाणी डाउनलोड झाली, की एक अल्बम. ज्या संग्रहातलं प्रत्येक गाणं हिट, त्याला या हिशेबाचा फायदा सगळ्यात जास्त होणार हे उघड आहे.

जुन्या गाण्यांखाली दबलेली माणसं

सगळ्यात वाईट फटका बसला तो बीच बॉइजना. हा बँड १९७४ पर्यंत खूप पुढे गेला होता. समुद्र, मोटारी आणि पोरी यांवरची गाणी मागे टाकून ब्रायन विल्सननं १९६६ मध्ये ‘पेट साउंड्स’ केला होता. बीटल्सनाही त्याची दखल घ्यावी लागली. १९७३ चा ‘हॉलंड’ तर पूर्ण प्रौढ संगीत. पण त्यांची जुनी कंपनी कॅपिटलकडे सुरुवातीच्या गाण्यांचे हक्क होते. तिनं १९७४ मध्ये ‘एंडलेस समर’ नावाचा २० गाण्यांचा संग्रह काढला. सगळी गाणी १९६५ पर्यंतची. ‘पेट साउंड्स’मधलं एकही नाही.

तो संग्रह थेट पहिल्या क्रमांकावर गेला. मैफलींना गर्दी होऊ लागली, पण ती गर्दी जुनी गाणी मागायला आलेली होती. बँडनंही मग तेच द्यायला सुरुवात केली. १९७६ चा पुढचा अल्बम ‘१५ बिग वन्स’ बराचसा दुसऱ्यांच्या जुन्या गाण्यांनीच भरलेला होता. पुढे निघालेला बँड आपल्याच जुन्या रेकॉर्डनं मागे ओढला, असं क्वचितच इतकं स्पष्ट दिसतं. जून २०२५ मध्ये ब्रायन विल्सन गेला तेव्हा ‘पेट साउंड्स’ला जगभर मान मिळालेला होता, पण तिथवर यायला काही दशकं जावी लागली.

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या जॉन फॉगर्टीचं प्रकरण आणखी कडू आहे. बँड १९७२ मध्ये फुटला. गाणी जवळजवळ सगळी फॉगर्टीची, पण हक्क फँटसी रेकॉर्ड्सकडे. १९७६ मध्ये कंपनीनं ‘क्रॉनिकल’ हा २० गाण्यांचा संग्रह काढला आणि तो आजतागायत खपतो आहे. अमेरिकेच्या मुख्य चार्टवर हा बँड पाच वेळा दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला, पहिल्यावर कधीच नाही. तरी ‘क्रॉनिकल’ घराघरात गेला. फॉगर्टी मात्र १९८७ पर्यंत मंचावर ती गाणी म्हणायलाच तयार नव्हता. गायली तर पैसा ज्यांच्याशी भांडण त्यांनाच जाणार, हा सल होता.

त्यावर कहर म्हणजे, फँटसीनं त्याच्यावर खटला भरला की त्याचं १९८५ चं ‘दि ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल आहे. ‘रन थ्रू द जंगल’ कुणाचं? फॉगर्टीचंच, आणि तेही ‘क्रॉनिकल’मध्ये आहे. माणसानं स्वतःचीच चोरी केली असा आरोप! १९८८ मध्ये तो गिटार घेऊन साक्षीला उभा राहिला, ज्यूरीला वाजवून दाखवलं आणि जिंकला. वकिलाच्या खर्चाचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९४ चा तो निकाल अमेरिकी कॉपीराइट कायद्यात आजही दाखला म्हणून दिला जातो. २०२३ मध्ये, पन्नास वर्षांनी, फॉगर्टीला आपल्या गाण्यांच्या प्रकाशन हक्कांचा मोठा वाटा अखेर परत मिळवता आला.

काही बँडनी संग्रहाला नकारच दिला. एसी/डीसीनं आजवर रीतसर ‘ग्रेटेस्ट हिट्स’ काढलेला नाही. चित्रपटांच्या निमित्तानं निघालेले ‘हू मेड हू’ आणि ‘आयर्न मॅन २’ हे अल्बम त्या जवळ जातात तेवढेच. अख्खा अल्बम घ्या नाहीतर राहू द्या, असा त्यांचा खाक्या. ‘बॅक इन ब्लॅक’ तसाच प्रचंड खपला, म्हणून त्यांना हा ताठा परवडला.

आपल्या बाजूला मात्र अशी निवड करायला वावच नव्हता. बेळगाव असो, बडोदा असो की ग्वाल्हेर, कॅसेटच्या जमान्यात साध्या दुकानात परदेशी बँडची एखादीच कॅसेट असायची, आणि दुकानदार धोका कशाला पत्करेल? तो ‘ग्रेटेस्ट हिट्स’च ठेवायचा. शिवाय कॅसेट भरून देणारी दुकानं होती. कोरी साठची किंवा नव्वदची कॅसेट आणि कागदावर लिहिलेली यादी दिली की दोन दिवसांनी आपला स्वतःचा संग्रह हातात. पण ती यादीही माणूस करणार कशावरून? ऐकलेल्या हिट गाण्यांवरूनच.

आता ते काम मोबाइलमधलं ॲप करतं. बँडचं नाव टाकलं की सर्वात जास्त ऐकलेली गाणी वर येतात, नवा श्रोता तीच दाबतो, म्हणून ती आणखी वर जातात. क्वीननं २०११ मध्ये ‘डीप कट्स’ नावाचे, मुद्दाम न गाजलेल्या गाण्यांचे संग्रह काढून या चक्राला उलटं फिरवायचा प्रयत्न केला. त्यांची विक्री ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्या आसपासही गेली नाही. उलट २०२३ मध्ये लहान मुलांच्या एका ऑडिओ यंत्रासाठी ‘ग्रेटेस्ट हिट्स’ दिला तेव्हा ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ हे गाणं त्यातून वगळलेलं निघालं आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांत त्यावर गदारोळ झाला. त्या पिढीतल्या काही मुलांसाठी क्वीनची गाणी आता सतराही नाहीत.

यादी दुरुस्त झाल्याचं एक उदाहरण बीटल्सचं. २००० मध्ये आलेल्या ‘वन’ या संग्रहाचा नियम साधा होता: ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली २७ गाणी. त्यामुळे ‘पेनी लेन’ आत आलं आणि त्याच सिंगलच्या दुसऱ्या बाजूचं, अनेकांच्या मते त्यांचं सर्वोत्तम, ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ बाहेर राहिलं. त्याआधी १९७३ मध्ये लाल आणि निळ्या कव्हरचे दोन जोडसंग्रह आले होते आणि बीटल्स फुटल्यानंतर वाढलेल्या पिढ्यांना हा बँड कळला तो बहुतांशी त्यांतूनच. १९६२ ते १९६६ च्या लाल संग्रहात सगळी गाणी लेनन आणि मॅकार्टनीची होती. जॉर्ज हॅरिसननं लिहिलेलं एकही नव्हतं, ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमची सुरुवात ज्यानं होते ते ‘टॅक्समन’सुद्धा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये लाल संग्रह नव्यानं काढताना त्यात १२ गाणी वाढवली, आणि ‘टॅक्समन’ व ‘इफ आय नीडेड समवन’ ही हॅरिसनची दोन गाणी आत आली. हॅरिसन २००१ मध्येच गेला होता.